अकराच्या शेजारची टिकली

आमच्या लिफ्टला बटणं नाहीत. लिफ्ट चकाचक आहे, आत पंखा आहे, उंच आरसा आहे, दार उघडताना 'टिंग' वाजतं. पण बटणं नाहीत. बटणांच्या जागी एक काळी, गुळगुळीत काच आहे आणि तिच्यावर पांढरे आकडे. डावीकडे विषम, उजवीकडे सम, तळाला 'जी'. आकड्यावर बोट टेकवलं की त्याच्याभोवती निळं कडं उजळतं. बस्स. खटका नाही, उंचवटा नाही, बोटाला 'हो, कळलं' असं सांगणारं काहीच नाही.

नाहूरची आमची तीन मजली जुनी बिल्डिंग पाडून तिथे चौदा मजल्यांचा टॉवर उभा राहिला, तेव्हा सगळ्यात जास्त कौतुक याच काचेचं झालं. ताबा मिळाला त्या दिवशी लोक स्वतःची घरं बघायच्या आधी लिफ्ट बघायला धावले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नारळ फोडला तोही लिफ्टच्या दारात. "हॉटेलात असतात अशी पॅनलं," ते म्हणाले, आणि काचेवरून रुमाल फिरवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे मी बरीच तावातावाने बोलणार आहे.

आमच्या घरात टाळ्या न वाजवलेली एकच व्यक्ती होती. आत्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आजोबा मालवणहून गिरणीत आले, त्यांच्या मागोमाग ही आली, भांडुपला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली, लग्न केलं नाही आणि आयुष्यभर आमच्याच घरात राहिली. बत्तीस गोळ्यांच्या पाकिटात एकतीस भरल्या असतील तर पाकीट हातात घेतल्याघेतल्या तिला कळायचं म्हणे. डोळ्यांचं मात्र तिने कधी मनावर घेतलं नाही. काचबिंदू आहे हे समजलं तेव्हा कडेचं दिसणं निघून गेलेलं होतं. उरलंय ते ड्रॉप्सनी टिकवू, डॉक्टर म्हणाले. आता ती जगाकडे पाइपातून बघितल्यासारखं बघते. समोरचा एक तुकडा दिसतो, तोही धुरकट. काळ्या काचेवरचे चौदा आकडे, वरून आरशातल्या दिव्याची तिरीप. तिच्यासाठी तो नुसता चकचकीत अंधार होता.

जुन्या घरात हे आम्हाला कधी जाणवलंच नाही. कारण जुनं घर हाताला लागायचं. दाराशेजारी काळ्या खटक्यांचा बोर्ड होता. पहिला ट्यूबचा, दुसरा पंख्याचा, तिसरा मोडलेला. पंख्याचा रेग्युलेटर म्हणजे हा एवढा डबा, त्याची गोल कडी फिरवली की खट, खट, खट, तीन खटके म्हणजे तीन नंबर. जिन्याच्या कठड्याला दुसऱ्या मजल्यावर एक खिळा वर आलेला होता, तो लागला की डावीकडे वळायचं. कुणी मुद्दाम केलेली सोय नव्हती ती. पण आत्या त्या बळावर सगळीकडे एकटी जायची, आणि 'हिला काही दिसत नाही' हे वाक्य आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही.

मुख्य म्हणजे मासे आणायला ती एकटी जायची. बुधवार, शुक्रवार, रविवार, सकाळी साडेदहाला कोळीण गेटपाशी पाटी घेऊन बसते. आत्या खाली उतरायची, फतकल मारून बसायची आणि एकेका माशाच्या पाठीवर अंगठा दाबायची. खळगा तसाच राहिला तर मासा शिळा, मांस परत वर आलं तर ताजा. मग कल्ला उचलून बोट फिरवायचं. कोळीण ओरडायची, "आत्या, मच्छी हाय ती, डॉक्टरकी नको करूस!" पण आत्याने नाकारलेला मासा बिल्डिंगमध्ये कुणीच घ्यायचं नाही, एवढा दबदबा. आमच्या एकट्याच घरचं नाही, चार-पाच घरांचं पारखून द्यायची. हे तिचं रिटायरमेंटनंतरचं काम होतं, आणि त्या कामाला ती नोकरीसारखी वेळेवर जायची.

नव्या बिल्डिंगमध्ये आम्ही अकराव्या मजल्यावर आलो आणि हे काम महिन्याभरात बंद पडलं.

पहिले काही दिवस ती लिफ्टमध्ये शिरून नुसती उभी राहायची. कुणी येईल, कुणी दाबेल. कुणी आलं की, "जरा जी दाब रे बाबा." मग एकदा कुणीच आलं नाही म्हणून तिने काच चाचपली. आता चाचपायचं म्हणजे काय होतं? ज्या ज्या आकड्याला बोट लागतं तो तो उजळतो. चाचपणं आणि दाबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काचेला शिकवलेलंच नाही! लिफ्ट पाचला थांबली, आठला थांबली, तेराला गेली, परत खाली सहाला. शेवटी धोक्याच्या घंटीला हात लागला आणि छतातून वॉचमनचा आवाज आला, "कौन है? क्या हुआ?" आत्या घाबरली नाही, पण संतापली. घरी आली, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, "उद्यापासून मासे तूच हाड गो चेडवा. माका काय त्या पेटीत बसान फिराचा नाय."

आई म्हणाली, "अहो, मी येत जाईन ना तुमच्याबरोबर खाली."

"माका कोणाचो हात नको," आत्या म्हणाली आणि आत जाऊन पडली. सकाळी अकरा वाजता. पडणाऱ्यातली नव्हे ती.

त्या शुक्रवारी मासे मी आणले. कोळणीने मला बघताच तोंडभर हसून घेतलं, यावरूनच मला कळायला हवं होतं. त्या बांगड्यांबद्दल जास्त लिहीत नाही. बाबा पहिला घास घेऊन म्हणाले, "आज डाळ-भात छान झालाय." आत्याने ताटातला तुकडा नुसता बोटाने दाबला, माझ्याकडे बघितलं, आणि ताट सरकवलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं यार.

आता मी कोण, तर कॉलेजपासून पत्रकं लिहिणारी. फुटपाथ उखडले, लिही पत्रक. रॅम्प बांधला पण त्याच्या तोंडाशीच खांब रोवला, लिही पत्रक. आमच्या ग्रुपमध्ये 'नागरिकहो!' कुठे टाकायचं आणि 'धिक्कार' कुठे, याचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं आहे. त्यामुळे आत्या आत जाऊन पडली त्याच दुपारी मी बसले आणि एका दमात लिहून काढलं. 'काचेची मुजोरी चालणार नाही!' असा मथळा. खाली मुद्दे. ही काच कुणासाठी? ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी. ज्यांचे हात कोरडे त्यांच्यासाठी. कारण भांडी घासून आलेल्या बाईचं ओलं बोट तिला कळत नाही. दार उघडायचं चिन्ह आणि मिटायचं चिन्ह म्हणजे दोन दोन त्रिकोण, फक्त उलटसुलट. धावत येणाऱ्या माणसासाठी दार उघडायला जावं तर ते त्याच्या नाकावर मिटतं, आणि शेजाऱ्यांत अबोला धरला जातो. याला जबाबदार कोण? जाब विचारा! शेवटी सह्यांसाठी क्यूआर कोडसुद्धा टाकला. ए-फोर कागदावर सगळं बसवलं आणि लिफ्टच्या आत, पॅनलच्या बरोबर वर चिकटवलं.

आठवड्यात किती सह्या आल्या? तीन. मी, आई आणि बाबा.

सेक्रेटरी भेटले लिफ्टमध्येच. रिटायर्ड बँकवाले, नवव्या मजल्यावर राहतात, शर्ट कायम इस्त्रीचा. ते म्हणाले, "तुझं वाचतोय हं मी. रोज थोडं थोडं."

"थोडं थोडं म्हणजे?"

"अगं, अक्षर केवढं बारीक! चष्मा काढून घालेपर्यंत माझा मजला येतो. आता दुसऱ्या मुद्द्याशी आहे. आणि ते इतकं वर का लावलंयस? तुझ्या उंचीचे किती लोक आहेत बिल्डिंगमध्ये?"

मी काहीतरी सणसणीत उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांचा मजला आला. टिंग.

घरी येऊन आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "माका तरी वाचून दाखव, काय लिवलंस ता." मी वाचून दाखवलं. सगळं. हातवारे करून. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बरा लिवलंस. पण ह्या ज्येच्यासाठी लिवलंस तेका दिसणा नाय, आणि ज्येका दिसता तेका गरज नाय."

डोळ्यांना त्रास होणाऱ्या माणसांची बाजू मी बारीक टायपात, चमकत्या दिव्याखाली, स्वतःच्या उंचीवर चिकटवली होती. आणि वर धिक्कार. कागद काढून आणला. गुपचूप.

उपाय शेवटी बाथरूममधून आला, तोही वर्षभराने.

आमच्या आईला एक सवय आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या निम्म्या बायकांना असेल. अंघोळीला गेली की कपाळावरची टिकली काढायची आणि समोर जे असेल त्याला चिकटवायची. टाइल, आरसा, नळ, पावडरचा डबा. आमच्या बाथरूमच्या भिंतीवर कायम पाच-सहा मरून टिकल्या असतात. त्यातली एक गीझरच्या स्विचवर कित्येक महिन्यांपासून होती. एके दिवशी मी ती खरवडून काढली, साफसफाई म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आतून ओरडली, "गो, गीझराची टिकली कोणी काढल्यान?"

"का? काय झालं?"

"मगे माका समजात कसा खयचो गीझराचो आणि खयचो दिव्याचो?"

आम्ही दोघी, आई आणि मी, बाथरूमच्या बाहेर एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. म्हणजे इतके महिने ही बाई आईच्या विसरलेल्या टिकलीवर बोट ठेवून गीझर लावत होती, आणि आम्हाला पत्ता नाही.

अंघोळ करून आत्या बाहेर आली ती थेट आईच्या समोर. "वैनी, तुजी टिकल्यांची पाकिटा हाड. चमकणारी नको, मखमलीची."

त्याच दिवशी दुपारी आम्ही तिघी लिफ्टमध्ये शिरलो. मी टिकली थेट अकरावर लावायला निघाले, तर आत्याने हातावर फटका मारला. "वर नको लावू. लावताना दाबला जातला. आणि लोकांका आकडो कसो दिसतलो? बाजूक लाव." खरंच की. आकड्याच्या डाव्या अंगाला, काचेच्या कडेशी एक टिकली 'जी'ला आणि एक अकराला. मग तिने काचेच्या कडेवरून अंगठा खालून वर नेला. पहिली टिकली: जी. अंगठा वर, वर, दुसरी टिकली: अकरा. मग अंगठा तिथेच ठेवून शेजारच्या बोटाने उजवीकडे नुसतं टेकवायचं. निळं कडं उजळलं. तिला ते दिसलं नाही, पण लिफ्ट निघाली तेव्हा तिने जे तोंड केलं ते मला दिसलं.

रविवारी आत्या एकटी खाली गेली. पाऊण तासाने पापलेटं आली. बाबांनी डाळ-भाताचं नावही काढलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी पुन्हा एक पत्रक लिहिलं असतं, 'टिकली झिंदाबाद' वगैरे. पण संपली नाही, आणि याला जबाबदार आमची आई.

एका बुधवारी मुलुंडला नात्यातला साखरपुडा होता. आई नटून निघाली. लिफ्टमध्ये एवढा मोठा आरसा. त्यात तिला दिसलं, की साडी पैठणी आणि टिकली मात्र घरातलीच, मरून. पर्समधून खड्याची काढली, कपाळाला लावली. आणि जुनी? हात सवयीने पुढे गेला. समोर जे होतं त्याला चिकटवली. पॅनलच्या डाव्या कडेला, नऊच्या बाजूला.

आत्या तेव्हा गेटपाशी बांगडे निवडत होती. निवडून झाले, लिफ्टमध्ये शिरली, अंगठा खालून वर नेला. पहिली टिकली. वर, वर, दुसरी टिकली. बोट टेकवलं. टिंग.

आता हे समजून घ्या, की टॉवर असला तरी माणसं चाळीतली आहेत. सकाळच्या वेळी दारं उघडी टाकून बसायची आमच्याकडे सगळ्यांचीच सवय. सेक्रेटरीसुद्धा त्याच जुन्या बिल्डिंगमधले. आणि नऊशे तीन आणि अकराशे तीन, बिल्डरने दोन्ही घरं छापून काढल्यासारखी बनवलेली. लिफ्टमधून बाहेर, डावीकडे, उघडं दार, सरळ आत, उजवीकडे ओटा. डोळ्यांनी कमी आणि पावलांनी जास्त चालणारी आत्या थेट सेक्रेटरींच्या स्वयंपाकघरात गेली, पिशवी सिंकमध्ये उपडी केली आणि नळ सोडला.

सेक्रेटरींचं घर माळकरी. कांदा-लसूणही एकादशीला बंद.

मी घरी एकटीच होते. इंटरकॉम वाजला. पलीकडून अगदी दबलेल्या आवाजात, चोर घरात शिरल्यावर माणूस बोलेल तसं: "जरा खाली ये. लगेच. तुझी आत्या आमच्या सिंकमध्ये बांगडे साफ करतेय."

मी जिन्यानेच धावले. दारातच आत्याचा आवाज आला, "गो चेडवा, माजी विळी खंय ठेवलास?" आणि तिच्यापासून सहा फुटांवर सेक्रेटरी उभे, अर्ध्या चड्डीत, हातात पेपर, चेहरा पांढराफटक. त्यांना मी इस्त्रीशिवाय पहिल्यांदाच बघत होते.

"आत्या," मी म्हणाले, "हे आपलं घर नाहीये."

तिने नळ बंद केला. मान फिरवून पाइपातून बघावं तसं बघितलं. आधी मला, मग त्यांना. मग त्यांना म्हणाली, "तुमी आमच्या घरात काय करतास?"

"अहो, मी माझ्याच घरात आहे!"

"मगे मी?"

"तेच तर विचारतोय मी!"

आत्याने सिंकमध्ये हात घालून बांगडे मोजले. मग आत्या म्हणाली, "चार झाले हत. दोन रवले. आता अर्धे टाकून खंय जाऊ?" आणि उरलेले दोन तिने तिथेच साफ केले. नुसत्या बोटांनी. सेक्रेटरी हताशपणे सोफ्यावर बसले. "संध्याकाळी ही येणार बोरिवलीहून," ते पुटपुटले. ही म्हणजे त्यांची बायको, लेकीकडे गेलेली. "आल्या आल्या वास येईल तिला. मी काय सांगू?"

पुढचा तासभर मी त्यांचा सिंक घासला. लिंबू, बेसन, मग पुन्हा लिंबू, मग उदबत्ती. आत्या शेजारी उभं राहून हुंगून सांगत होती: अजून आसा, अजून आसा, आता गेलो. माशाचा वास गेला की नाही हे सांगायला तिच्याइतकं लायक माणूस नाहूरमध्ये नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लागली. 'लिफ्टच्या पॅनलवर टिकल्या अथवा तत्सम सौंदर्यप्रसाधने चिकटवण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.' टिकल्या खरवडून, काच पुसून, पुन्हा गुळगुळीत. आणि टाइप माझ्यापेक्षाही बारीक! आत्याने पिशवी परत खुंटीला लावली. आईने स्वतःला दहा वेळा दोष दिला. "मला काय माहीत हो, हात आपोआप गेला." आत्या म्हणाली, "तुजो हात नाय गो. त्या काचेक धरुक कायच नाय, म्हणान ह्या सगळा." पण म्हणाली ती पडल्या पडल्याच, भिंतीकडे तोंड करून.

रविवारी सोसायटीची मीटिंग होती. मी तयारीत गेले. चार पानं भाषण, त्यात 'सौंदर्यप्रसाधने' या शब्दाचा स्वतंत्र समाचार. आत्यालाही नेलं, हाताला धरून, आणि हाताला धरावं लागलं याचाच राग माझ्या डोक्यात होता. सेक्रेटरींनी विषय मांडला. बांगड्यांचा प्रसंग सविस्तर सांगितला, अगदी गंभीरपणे, तक्रार म्हणून. पण 'तुमी आमच्या घरात काय करतास' इथपर्यंत आले आणि मागच्या रांगेतून पहिलं खुसखुसणं ऐकू आलं. मग सगळा हॉल. सेक्रेटरी थोडा वेळ चिडून उभे राहिले, मग तेही हसायला लागले, आणि त्यांची बायको म्हणाली, "तरीच मी म्हटलं, बुधवारी यांनी ओटा का पुसला!"

मी भाषणाला उठले. "मित्रहो, प्रश्न टिकलीचा नाही—"

आत्याने ओढणी खेचली. "बस खाली."

"अगं पण—"

"बस म्हणतंय ना."

मी बसले. चार पानांसकट.

आत्या बसल्या जागेवरूनच बोलली, सेक्रेटरींशी, बाकी हॉल जणू नव्हताच. "तुमचा बरोबर आसा. टिकली नको. पडता, हलता, कोणय खंयय लावता. पण तुमच्या दाराची पाटी पितळेची मां? ते दिवशी जाताना मी तिच्यार हात फिरवलंय. उठावदार अक्षरां, बरी आसत. चौथी शिकलंय मी, आकडे बोटान वाचूक येतत माका. तशे आकडे लिफ्टीत लावा. मी तुमच्या सिंकात परत येवचंय नाय."

सेक्रेटरींचा त्या पाटीवर भारी जीव. ती त्यांनी मुलुंडच्या एका पाट्यांच्या दुकानात स्वतः उभं राहून बनवून घेतली होती. आजवर बिल्डिंगमध्ये कुणी तिला बरी म्हटलेलं नव्हतं. ते घसा खाकरून म्हणाले, "महिनाभर ट्रायल म्हणून करायला हरकत नाही. आकडे मी बघून आणतो." विरोध कुणीच केला नाही. बोटभर कामासाठी मी चार पानं खर्च केली होती.

आकडे आले. पितळी, छोटे, सुबक. सेक्रेटरींनी पुढच्या रविवारी दुपारी स्वतः बसून, पट्टीने मोजून, दुहेरी टेपने चिकटवले. एका सरळ रेषेत, अगदी नेटके. आणि बरोबर छापील आकड्यांच्या वर! आता पितळेच्या जाड आकड्याखालच्या काचेला बोट कसं कळणार? संध्याकाळी चौदा मजल्यांची बिल्डिंग जिन्याने चढत होती. सातव्या मजल्यावर धापा टाकत लोक सेक्रेटरींचं नाव घेत होते, आणि सेक्रेटरी स्वतः आठव्यावर कठडा धरून उभे होते.

"बाजूला लावायचे असतात, काका," मी म्हणाले. शक्य तितक्या नम्रपणे. म्हणजे फारसं नाही.

"मग आधी सांगायचं ना!"

"आत्याने टिकली बाजूलाच लावली होती. तुम्ही खरवडलीत ना स्वतः, तेव्हा बघितलं नाहीत?"

दुसऱ्या दिवशी लिफ्टचा मेकॅनिक महिन्याच्या तपासणीला आला, त्याच्याकडून त्यांनी आकडे काढून काचेच्या डाव्या-उजव्या कडांना लावून घेतले. मी त्या मेकॅनिकलाही सोडलं नाही. विचारलं, खटक्याची बटणं कंपनी बनवतच नाही का? तो म्हणाला, "बनवते ना ताई. याच मॉडेलला बसतात. उठावाचे आकडे, दाबलं की आवाज, सगळं. पण मागितलं कुणी?" बिल्डरने मागितलं नाही, सोसायटीने मागितलं नाही, आणि त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. पुढच्या वर्षी पॅनल बदलायच्या वेळी ती मागायची असा ठराव मी मांडलाय. दोन ओळींचा. मोठ्या अक्षरात.

पितळी आकडे लागल्यानंतरच्या बुधवारी आत्याने खुंटीवरची पिशवी काढली आणि साडेदहाला निघाली. आईने दारात उभं राहून फक्त एवढंच विचारलं, "छत्री हवी?" "नको." टिंग. गेली.

साडेअकरा वाजले तरी आली नाही. आई अस्वस्थ, मी तिला धीर देतेय आणि स्वतः इंटरकॉमपाशी घुटमळतेय. खाली वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, मच्छी घेऊन केव्हाच वर गेली. कोळीणही पाटी उचलून गेलेली. आता मात्र माझी वाट लागली. नवव्यावर जाऊन बघितलं, नाही. चौथ्या मजल्यावर जुन्या शेजारीणबाई आहेत, त्या म्हणाल्या, "आली होती की. चहा प्यायली. इतक्या दिवसांनी आली गं. मग सहाव्यावर जाते म्हणाली." सहाव्यावर गेले, तर तिथूनही निघालेली, तिथे अर्धा डझन बांगडे पारखून दिले होते. जुन्या बिल्डिंगमध्ये ती अशीच फिरायची, दारोदार, दोन मिनिटं इथे, पाच मिनिटं तिथे. दीड वर्षांत हे बंद पडलंय, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी फक्त माशांचा विचार करत बसले होते.

शेवटी सापडली चौदाव्यावर. तिथे आमच्या ओळखीचं कुणीच राहत नाही. लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये मोठी खिडकी आहे, तिच्याशी उभी होती, पिशवी पायापाशी, तोंड वाऱ्याकडे.

"अगं आत्या, इथे काय करतेयस? आम्ही सगळी बिल्डिंग पालथी घातली!"

"सगळ्यात वरचो आकडो खयचो, तो बघूक इलंय," ती म्हणाली. "बोटाक लागलो, म्हटला दाबून बघूया."

"दिसतंय का काही?"

"माका काय दिसतला. तू सांग."

मी सांगितलं. खाली रूळ, पलीकडे कांजूरमार्गच्या बाजूला डम्पिंगचं धुरकट टेकाड, मध्ये सगळे टॉवर, आमच्यासारखेच. ती मान हलवत ऐकत होती.

"वारो बरो येता गो हय," मग ती म्हणाली. "थोडो कचऱ्याचो वास आसा. पण वारो बरो." आणि पिशवी उचलून माझ्या आधी लिफ्टकडे चालायला लागली.